दोनदा उकरलेली तांबडी

तीर्थरूप सर्जेराव मामा आणि मामी यांच्या पायी जावई कडुबाचा दंडवत. इकडं सगळं खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. घरात मी एकटा आणि भिंतींना कमरेएवढी पुराची ओल. मामींचा गुडघा कसा आहे? आशाबाई तुमच्याकडं येऊन आज बारा दिवस झाले. माझा फोन ती उचलत नाही, म्हणून हे पत्र. तिनं तुम्हाला काय सांगितलं ते ठाऊक नाही (काहीच सांगितलं नसेल तर जास्त काळजीचं आहे), तरी माझी बाजू कळवतो.

तुम्ही लग्नात आंदण दिलेल्या गाईची नात, आपली तांबडी, पुरात गोठ्यातच गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही रीतीप्रमाणं बांधाला खड्डा घेऊन तिला पुरलं. आशाबाईनं हळदकुंकू वाहिलं, स्वतःचं लुगडं तिच्यावर घातलं, नारळ फोडला. आमचं चुकलं ते इथंच. सरकारी मदतीसाठी जनावर नुसतं मरून भागत नाही, पंचनामा होईपर्यंत ते मेलेलं दिसत राहावं लागतं, आणि साहेब आले पाचव्या दिवशी. मी मोठ्या उमेदीनं ढिगारा दाखवला. साहेब निरखून म्हणाले, माती दिसते, गाय दिसत नाही. (माणूस वाईट नव्हता. बूट चिखलानं भरलेले, आणि चहाला दूध का नाही ते कळल्यावर बिचारा ओशाळला.) त्यांनीच वाट सांगितली: गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर आणा, मग बघू. नंबराचं कार्ड पेटीत होतं आणि पेटी पुरात गेलेली. बिल्ला कानात होता आणि कान जमिनीखाली.

तेव्हा शेजारच्या कृष्णाला घेऊन मी खड्डा उकरला. सविस्तर लिहीत नाही, तुम्ही पत्र जेवताना वाचत असाल. कृष्णानं नाकाला उपरणं बांधून एकेक आकडा सांगितला आणि मी तो तळहातावर पेनानं लिहिला. (गावात आठ दिवस लाईट नव्हती, फोन मेलेले.) माती लोटली, आशाबाईनं पुन्हा हळदकुंकू वाहिलं, पुन्हा नारळ फोडला. फावडं ठेवून हात उघडला तर बारापैकी सात आकडे उरलेले, बाकीचे घामानं दांड्याला लागलेले. दांडाही वाचून पाहिला. कृष्णा म्हणाला, "माती भुसभुशीत हाय तवर आजच उकरू, उद्या लई जड जाईल." त्याचं पटलं. या खेपेला नंबर सिमेंटच्या पिशवीवर लिहिला. वर येऊन पाहतो तर आशाबाई तिसरा नारळ घेऊन उभी. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "अजून उकरायची असंल तर आत्ताच सांगा, नारळ तरी वाचंल." आणि मी मूर्खासारखा खरंच विचार करत बसलो. दुपारच्या एसटीनं ती निघून गेली.

आपला,
कडुबा

ता. क. – मदतीच्या यादीत नाव लागलं. पण आंदण तिचं म्हणून गाईची नोंदही तिच्याच नावावर आहे. पैसे तिच्या खात्यात येणार आणि त्याआधी सेतू केंद्रात तिचाच अंगठा लागणार. शुक्रवारपर्यंत मुदत आहे, तरी तिला पाठवून द्यावं. खरं तर पत्र एवढ्याचसाठी.

दुसरा ता. क. – एवढ्याचसाठी नाही. पाणी चढत होतं तेव्हा ती मला दोनदा म्हणाली होती, "तांबडीचं दावं सोडा." मी म्हणालो, "गोठ्यापातूर पाणी येत नाय." पाणी ओसरल्यावर गाठ एवढी फुगली होती की विळ्यानं कापावी लागली. ती तिनंच कापली, मी लांब उभा होतो. त्यावर आमच्यात आजवर एक शब्द झालेला नाही. मी सरकारला, पावसाला, बिल्ल्याला शिव्या देत राहिलो आणि ती ऐकत राहिली. अंगठ्याची मुदत टळली तर टळू द्या. तिनं सांगूनही मी दावं सोडलं नाही, एवढं तिला वाचून दाखवा.