वधूचे सासरे

प्रिय सूनबाई,

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. हॉटेलचं आणि पाहुण्यांच्या गाड्यांचं काय ठरलं ते सविस्तर कळवा, असं तू केव्हाच सांगितलं होतंस, आणि मी रोज उद्या लिहितो, उद्या लिहितो करत राहिलो. फोनवर सांगता आलं असतं. पण तू ऑफिसातून बोलतेस, मागे कुणीतरी तुला हाक मारत असतं, मला घाई होते आणि मुद्दा बाजूला ठेवून मी खोकत बसतो. लिहायला बसावं तर अक्षर हे असं. शाळा सुटली ती थेट बसच्या टपावर चढलो सामान बांधायला, पुढे बुकिंगच्या खिडकीत बसलो, पण जन्मभरात जे काही लिहिलं ते तिकिटांवर. त्यामुळे चुका दिसतील, सांभाळून घे.

इथे सगळे ठीक. गल्लीत तुझ्याच लग्नाचा विषय आहे. मुलगा गेल्यावर सुनेला घरी ठेवून घेणारे सासरे लोकांनी पाहिलेत, माहेरी पाठवणारेही पाहिलेत, पण सुनेचं दुसरं लग्न ठरवून वर त्याच्या खोल्या आणि गाड्या बघत हिंडणारा सासरा त्यांना नवा आहे. जो भेटतो तो म्हणतो, अप्पा, मोठं मन लागतं हो असं करायला. दूधवाल्याने तर परवा पायाला हात लावला, दुधाची पिशवी तशीच हातात धरून. मी मान हलवतो आणि पुढे होतो. पहिल्यांदा बरं वाटायचं, खोटं का बोलू. आता कुणी माझ्या मोठ्या मनाबद्दल बोलायला लागलं की उन्हात उभं केल्यासारखं होतं. कारण आत काय चाललंय ते मला माहीत आहे, आणि ते मोठ्या मनाचं अजिबात नाही.

पण आधी हॉटेल. तू म्हणाली होतीस, लग्न या घरातून नको, त्यांच्या घरातूनही नको, जिथे कुणालाच जुनं काही आठवणार नाही अशा तिसऱ्याच गावी करू. मला ते पटलं. तू फोटो पाठवलेस, पण फोटोत सगळीच हॉटेलं चांगली दिसतात, म्हणून मी बसने जाऊन प्रत्यक्ष बघून आलो. समुद्र आहे, खिडकीतून दिसतो, पण सगळ्या खिडक्यांतून नाही. नळ सोडून पाहिले. गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते बादली लावून पाहिलं. गाद्यांवर बसलो, एका गादीवर तर आडवाच झालो, तेव्हा मॅनेजरचा चेहरा कसनुसा झाला. टाय लावलेला कोवळा पोरगा आहे. आधी मला सर म्हणत होता, घासाघीस सुरू झाल्यावर आजोबा म्हणायला लागला. भाव ठरला तो खोलीमागे, आणि एका खोलीत दोघं धरून. खोल्या एकगठ्ठा घेतल्या म्हणून बराच खाली आला. मात्र ठरल्या दिवसाच्या आत सगळ्या माणसांची यादी पक्की द्यायची, नाही तर आपल्यासाठी धरून ठेवलेल्या खोल्या ते दुसऱ्याला देऊन टाकणार. सकाळचा नाश्ता भावातच आहे म्हणाला. मी म्हटलं, आमची निम्मी माणसं म्हातारी, सकाळी नुसत्या चहावर असतात, त्यांचा नाश्ता वजा करा. तो म्हणाला, आजोबा, वजा होत नाही, तुम्हीच त्यांच्या वाटचं खा. शेवटी हॉलचं भाडं माफ करून घेतलं आणि मगच खुर्चीवरून उठलो.

तुझी आई आणि मावशी एका खोलीत घातल्यात. दोघींचं बोलणं बंद आहे हे मला ठाऊक आहे, मी तुझ्या आईला विचारलंही. ती म्हणाली, तिच्याच खोलीत ठेवा, वेगळी मागितली तर गावभर सांगेल मला टाळलं म्हणून. मामांना जिना चढवत नाही, त्यांना खालचा मजला. तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी सकाळच्या गाडीने येतील. स्टेशनपासून हॉटेलपर्यंत दोन छोट्या बस सांगितल्यात. दोन्ही ड्रायव्हर माझ्या ओळखीचे, पिणारे नाहीत, एकाला गाणी लावायची फार हौस आहे, त्याला दम दिलाय.

आता तुझ्या नव्या सासऱ्यांविषयी. मी त्यांना मनातल्या मनात हेडमास्तर म्हणतो, ते होतेच हेडमास्तर. तुझ्या चष्मेवाल्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पोरगा चांगला आहे, चष्म्यांचं दुकान सचोटीने चालवतो, तुझ्याकडे बघताना त्याचं बोलणं अडखळतं, ते मला आवडलं. त्याला मी काय म्हणायचं ते अजून कळत नाही, जावई म्हणावं तर तू मुलगी नाहीस, पण ते राहू दे. माझं पोट दुखतं ते त्याच्या बापावरून. त्यांनी त्यांच्याकडच्या पाहुण्यांची यादी पाठवली, एक पान, मोत्यासारखं अक्षर, कोण कुठून येणार, कुठल्या गाडीने, कुणाला उशी नको, कुणाला दोन हव्यात. मी ते पान दिव्याखाली धरून चूक शोधत होतो. नाही सापडली. फोनवर बोलतात तेही असं की माणसाला रागावता येऊ नये. आपण कशाला तसदी घेता, आपण आहात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत, आपला अनुभव मोठा. मला जन्मात कुणी आपण म्हटलेलं नाही. अंगाचा तिळपापड झाला.

मग मी एक गोष्ट केली, ती तुला सांगून टाकतो. खोल्या लावताना मागच्या बाजूची एक खोली होती, खिडकी उघडली की धोबीखाना, दिवसभर मशीनची घरघर आणि चादरी वाळत घातलेल्या. ती मी हेडमास्तरांना दिली. समुद्र बघायचा तर त्यांनी जिना उतरून बघावा. मॅनेजर म्हणाला, आजोबा, वराचे वडील ना, पुढची देऊ की. मी म्हटलं, त्यांना शांतता लागते. तर दोन दिवसांनी हेडमास्तरांचाच फोन. वाटलं, आता खोलीवरून बोलणार. म्हणाले, मॅनेजरने खोलीचे फोटो पाठवले, आपण किती विचार केलात हो, मला लाटांच्या आवाजाने झोप लागत नाही, हे आपल्याला सूनबाईंनी सांगितलं असणार. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. वर म्हणाले, आणखी एक विनंती, मला बस लागते, ड्रायव्हरशेजारची जागा मिळेल का. सूनबाई, ती जागा माझी आहे. उभ्या जन्मात मी बसमध्ये दुसरीकडे बसलेलो नाही, भरलेल्या गाडीत मंत्र्याच्या माणसालासुद्धा ती दिलेली नाही. आणि मी म्हणालो, अवश्य, आपल्यासाठीच ठेवलीय. मीही त्यांना आपण म्हणालो. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.

पण खोलीचं आणि जागेचं काही नाही. मला खरं लागलं ते त्या रविवारचं. आठवतं का, तू फोनवर माझ्याशी बोलत होतीस, हेडमास्तर तिथे तुझ्याकडे आले होते, आणि मध्येच तू म्हणालीस, बाबा, तुमचा चहा निवतोय, घ्या ना. फोन तोंडापासून लांब धरून म्हणालीस, पण ऐकू आलं. तुझ्या आवाजात हट्ट होता, घरच्या माणसाला करतो तसला. माझ्याशी तू तो करायला लागलीस ते किती उशिरा. लग्न होऊन आलीस तेव्हा विचारलं होतंस, तुम्हाला काय म्हणू, आणि मीच सांगितलं, सगळे अप्पा म्हणतात, तूही म्हण. आता वाटतं, तेव्हाच बाबा म्हण म्हणायला हवं होतं. म्हणजे तो शब्द माझ्याकडे राहिला असता आणि त्यांना दुसरा शोधावा लागला असता. या वयात असलं मनात येतं, हसू येईल तुला.

मुलगा गेला त्यानंतरचे दिवस तू विसरली असशील, किंवा विसरायचे म्हणून बाजूला ठेवले असशील, ते बरोबरच आहे. मला एक सारखं आठवतं. घरात दोघंच उरलो होतो आणि चूल पेटवायचा धीर दोघांनाही होत नव्हता. तू म्हणायचीस, मी ऑफिसात जेवून आले. मी म्हणायचो, मी स्टँडवर खाल्लं. दोघंही खोटं बोलायचो आणि एकमेकांचं खोटं झाकायचो. मग एका संध्याकाळी स्टँडमागच्या टपरीवर मी पाव चहात बुडवून खात होतो आणि समोरच्या बाकावर तूच बसलेली, हातात तसाच पाव. तू म्हणालीस, काय अप्पा, जेवण झालं वाटतं स्टँडवर. मी म्हटलं, तुझं ऑफिस इकडे कधी हलवलं. तो गेल्यानंतर आपण पहिल्यांदा तिथे हसलो, टपरीवाला बघत राहिला. घरी येऊन तू कुकर लावलास. त्या दिवसापासून मी तुला सून मानतच नव्हतो, काय मानत होतो त्याला नाव नाही. आणि तुझी बदली झाली, चष्मेवाल्याचं तू भीत भीत सांगितलंस, तेव्हा लग्न कर असं मीच म्हणालो. मनापासून म्हणालो. आजही माझं तेच म्हणणं आहे. फक्त लग्नाबरोबर तुला आणखी एक सासरा मिळणार, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

परवा सदरा शिवायला टाकला, तुझ्या लग्नासाठी. शिंप्याने माप घेता घेता विचारलं, अप्पा, तुम्ही स्वतः जाणार तिथे. म्हटलं, म्हणजे काय, सगळं मीच तर बघतोय. तो टेप गळ्यात टाकून म्हणाला, राग मानू नका, पण तुम्ही पुढच्या रांगेत बसलात की येणाऱ्या प्रत्येकाला तुमचा मुलगा आठवणार, पोरीने तिसरं गाव कशासाठी शोधलं मग. मी म्हटलं, तू बाह्या बघ, बाह्या लांब करू नकोस. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. मग तू मागच्या आठवड्यात फोनवर जे म्हणालीस ते आठवलं. म्हणालीस, अप्पा, तुम्ही फार दगदग केलीत, तब्येत सांभाळा, प्रवास झेपणार नसेल तर मी समजून घेईन. तेव्हा मला वाटलं, काळजीने बोलतेय. आता तेच वाक्य मी उलटंसुलटं करून बघतोय. काळजी होती, की मला सोयीची वाट करून देत होतीस, मला कळेनासं झालंय.

आणि हे सगळं आज लिहायला बसलो ते काल हॉटेलातून फोन आला म्हणून. यादी बघणारी मुलगी होती, आवाजावरून शाळकरी वाटावी अशी. नावं ओळखपत्रावरून नंतर घेऊ, आधी फक्त नाती लिहून द्या म्हणजे खोल्या लावता येतील, असं हॉटेलवाल्यांनीच सांगितलं होतं, तशी मी तुझ्याकडची यादी दिली होती. आई, मावशी, मामा, मैत्रिणी, आणि सर्वांत शेवटी मी. ती म्हणाली, आजोबा, वधूकडच्या यादीत खाली वधूचे सासरे असं लिहिलंय, पण ते तर वराकडच्या यादीत आलेलेच आहेत ना, वराचे वडील म्हणून, तुमच्याकडून चुकून दोनदा लिहिलं गेलं असेल, मी एक कमी केलाय. तीच पुढे म्हणाली, बरंच झालं, तुमच्याकडे एक माणूस सुटा उरत होता, आता सगळ्या जोड्या बरोबर बसल्या. मी म्हणालो, हो बाई, चुकून लिहिलं गेलं. ते शब्द तोंडातून कसे गेले मला कळलं नाही, पण गेले. त्यामुळे आत्ता या घडीला सगळ्या पाहुण्यांना खोली आहे आणि मला नाही. उद्या यादी पक्की होणार, मग बदल नाही. मी तिला फोन करून माझी खोली परत मागू शकतो, मागायची का ते तू सांग. हे पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, तो दुपारी तुझ्या ऑफिसात आणून देईल आणि संध्याकाळी परत निघेल, त्याच्याच हाती दोन ओळी पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू या म्हणशीलच, तुला नाही म्हणता येत नाही, आणि ते या मनापासूनचं की संकोचाचं, ते मला ओळखता येणार नाही. नको असेल तर तसं लिही, मी रुसणार नाही, स्टेशनवर सगळ्यांना बसमध्ये बसवून देईन आणि तिथूनच माघारी फिरेन, कुणाला कळणारही नाही. आणि मी यायला हवा असेन, तर यादीत माझ्यापुढे नातं काय लिहायचं तेही सांग. मला सुचत नाही. तू सांगशील ते मी त्या मुलीला अक्षर न् अक्षर सांगेन. ड्रायव्हरला थांबवून घे, पण उत्तर आजच दे.

तुझाच,
अप्पा