खळ्यावरचा हिस्सा

बाबा, तुमाले आन आईले हॉलंडवरून जय भीम.

तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होते. डोकं मात्र तापून आहे.

परदेशी कंपनीनं जिथं कमावलं तिथंच कर भरावा, हे मी प्रबंधात आपल्या वलगावच्या बटईवरून समजावलं होतं. तूर वावराबाहेर जायच्या आधी खळ्यावरच मालकाचे आन आपले हिस्से पडतात, तसं. माझ्या प्रोफेसरनं ते पान खोडलं. म्हणे, खेड्यातल्या गोष्टी कायद्यात चालत नाहीत.

आन काल त्याच माणसानं भरसभेत तेच खळं स्वतःच्या डोक्यातलं म्हणून सांगितलं! वरून तुरीच्या जागी धान केलं. आपल्या काळ्या वावरात धान कोण पेरते, बाबा?

मी उठून उभी राहिली. म्हटलं, "सर, हे माझ्या बाबानं शिकवलेलं आहे, आन खळ्यावर तूर असते."

आता तो म्हणते, माझ्या येणाऱ्या पुस्तकात तुझ्या बाबाचं नाव खाली बारीक अक्षरात टाकतो.

इथली माझी नोकरी त्याच्याच हातात आहे, तिचं काय होते ते पाहू. आईले सांगू नका. तिच्या गुडघ्याले तेल लावून राहिले न?

तुमी जनमभर लोकाचं वावर केलं, सातबाऱ्यावर नाव चढलं नाही. इथं पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव चढल्याशिवाय मी काही गप्प बसत नाही.

तुमचीच हट्टी,
प्रियदर्शनी