कुलपातला भात

गोंडपिपरी, २ जानेवारी १९५६

ती. केवळरामभाऊस गोकुळाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

भाऊ, मी खुशाल आहो, पण लई फुगली. खाते चिमणीएवढं, तरी सासू म्हणते चोरून खाते. तिनं भाताच्या हंड्याले कुलूप लावलं, किल्ली कमरेले. घरधनी जाळं-डोंगा सोडून माझ्यामागं फिरते. पहारा करून करून तेच वाळले. मले सगळ्यायहून जास्त थंडी वाजते, गळा सुजला, झोप सरत नाई. पंच म्हणतात, होळीपर्यंत उतरली नाई तर माहेरी धाडा अन् दुसरी करा. मले भेव वाटते.

लोभ असावा, माझ्यासारखा वाढता असावा.

आलापल्ली, १० जानेवारी

चि. सौ. गोकुळाबाईस अनेक आशीर्वाद. लहानपणी तू माझ्या ताटातला मासा पळवायची, म्हणून आधी वाटलं सासू खरं बोलते. पण कुलपातून भात कसा निघन? इथी डेपोत सागाच्या लाकडावर हातोड्याचा ठप्पा असल्याबिगर कोणी मानत नाई. तुलेही पुरावा पाहिजे. पंचायले म्हण, कोठीत कोंडा, नुसती पेज द्या, आधी तोला, मग तोला. रजा भेटली का मी येतोच.

घाबरू नको. भाऊ आहे.

गोंडपिपरी, २९ जानेवारी

ती. भाऊस सा. नमस्कार. मले कोंडलं. मोहाच्या व्यापाऱ्याचा तराजू चिचेले टांगला, दुसऱ्या पारड्यात गावातले दळायचे जाते ठेवले, तवा काटा बरोबर होता. आठ दिवस पेजेवर राहून बाहेर आली तर मीच जड! पंचायनं निकाल देला, बाई चोर नाई, पेजच जबर आहे. आता गावातले सारे लुकडे पेज मागाले आमच्या दारी गंज-भांडे घेऊन उभे. शेजारच्या बुधूनं तर आपला हडकुळा बैल आणला. सासू म्हणते पेज-बीज काई नाई, ही करणी आहे, होळीले धाडतेच. भाऊ, लवकर ये.

वाट पाह्यते, विसर न व्हावा.

गोंडपिपरी, २० मे

ती. भाऊस सा. नमस्कार. होळीच्या आधी तू चांद्याच्या दवाखान्यात नेलं म्हणून वाचली. डॉक्टरसाहेब बोलले ते मी सासूले समजावलं. गळ्यातल्या गाठीच्या रसावर अंगाची चूल पेटते. गाठ सुस्तावली का खाल्लेलं जळत नाई, माणूस गारठते अन् फुगते. तिनं हंड्याचं कुलूप काढून गोळ्यायच्या डब्याले लावलं. रोज सकाळी स्वतः गोळी देते.

आता मी उतरून राह्यली, तर गाव म्हणते सासू सुनेले उपाशी मारते! काल तिनं मले ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून बसवलं अन् वाढतच राह्यली. भाऊ, लग्न झाल्यापासून या घरात मी पयल्यांदा पोटभर जेवली. मले रडू आलं. सासू घाबरली, म्हणे डोळे पूस वं बाई, लोकायले वाटन अजून भूक आहे.

बुधूचा बैल अजून पेज मागते. माया अशीच राहू द्यावी.

तुझी गोकुळा