धाकट्यानं आज घेतलं

आई, आज रविवार होता आणि आजही मी सभेत प्रभुभोजन घेतलं, प्रभूच्या आठवणीत वाटला जाणारा तो तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. तू जाऊन चौदा वर्षं झाली. त्यातला एकही रविवार मी चुकवलेला नाही. चर्चच्या मंडळीत त्याचं कौतुक होतं. दुसऱ्यांची ढोंगं शोधून त्यांवर खुसखुशीत लेख लिहिणं हा माझा धंदा, त्यामुळं माझ्यात ढोंग असेल अशी शंका कुणाला येत नाही.

वालचंदनगरच्या क्वार्टरमधलं तुझं स्वयंपाकघर आठवतं. रविवारच्या सभेत वाटायची भाकर तूच करायचीस, शनिवारी संध्याकाळी, गव्हाची, बिनखमिराची, आणि ती तव्यावर असेपर्यंत आम्हा दोघा भावांना भांडायची बंदी. एकदा काकूशी तुझं नळावर वाजलं. पुढचे चार रविवार तू भाकर केलीस, सभेत नेलीस, आणि ताट पुढ्यात आलं की न घेता शेजारणीकडं दिलंस. मनात कुणाबद्दल अढी असेल तर ताट पुढं द्यायचं, हा मंडळीचा नियम. तेव्हा तो पाळणारी तू एकटीच. आप्पा चिडले, "लोक काय म्हणत्याल?" तू म्हणालीस, "काय म्हणत्याल? मी केल्याली भाकर गुमान खात्याल." पाचव्या शनिवारी पिठाच्या हातांनीच तू मला घेऊन काकूच्या दारात उभी. काकू म्हणते, "आलीस व्हय? मला वाटलं उपाशीच मरतीस." "मरतच हुते," तू म्हणतेस. "चूक माजी हाय. आता च्या टाक." परत येताना मी विचारलं, एवढ्याशा तुकड्यासाठी एवढं? "प्रभूनं आपलं अंग मोडून दिलं," तू म्हणालीस, "आन् मी नुसतं 'चुकलं' म्हनू न्हाय व्हय?"

आता सभा जळोचीत भरते, एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये. भाकरीच्या जागी बेकरीचा पाव आहे. रस मात्र अजून काळ्या द्राक्षांचाच, घरी उकळलेला. धाकटा लोणी देवकरला कारखान्यात आहे, तिथंच राहतो, दर रविवारी एवढ्या लांबून येतो. तू गेलीस त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. आणि त्या दिवसापासून त्यानं एकदाही घास घेतला नाही. ताट आलं की पुढं. मंडळी त्याच्याकडं बघून मान हलवायची. मीही हलवायचो.

आज बाकं भरलेली, म्हणून तो माझ्याशेजारी बसला. ताट हातात धरून हळूच म्हणाला, "दादा, खरं सांग. त्या दिवशी तुजा फोन बंदच हुता न्हवं?"

"व्हय रे," मी म्हणालो.

"मग माजंच चुकलं. उगं एवढी वर्षं मनात धरलं." त्यानं तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि लहान पोरासारखा रडला. मग ताट माझ्यापुढं धरून म्हणाला, "घे दादा." मी घेतलं.

फोन चालू होता, आई. त्याचं नाव पाचदा दिसलं. वाटलं, दवाखान्यात बसायची माझी पाळी म्हणून कटकट करतोय. लेख संपवायचा होता. मी फोन उपडा ठेवला. तू मला बोलावत होतीस, हे मागाहून कळलं.

लहानपणी वाटायचं, अयोग्य माणसानं तो घास घेतला की तो जागेवर मरतो. मी चौदा वर्षं खाऊन धडधाकट आहे, आणि शिक्षा हीच असावी असं आता वाटतं. दर आठवड्याला क्षमा माझ्या पुढ्यात धरली जाते, आणि मी ती चावून गिळतो, तोंड उघडायला लागू नये म्हणून. आज तर धाकट्यालाही माझ्या खोट्यावर जेवू घातलं.

पुढच्या रविवारी ताट पुढं देईन, असं इथं लिहिणार होतो. नाही देणार. धाकटा शेजारी बसेल, कारण विचारेल. हे सगळं तुला लिहितोय, कारण तू वाचणार नाहीस. ज्यानं वाचायला हवं त्याचा पत्ता मला माहीत आहे, आणि त्याला मी अजून एक ओळही लिहिलेली नाही.