पांढरीतलं पेव बंडप्पा मालकाच्या नावावर

कारणे लिहून ठेवते ती पारू, आयचं नाव कोंडाबाई, धंदा गोंदायचा, वय पंधरा, राहणार मौजे सास्तूर, जिल्हा उस्मानाबाद, पांढरीतलं पेव, म्हंजी गावठाणात जमिनीखाली खणल्यालं ज्वारीचं कोठार. वय पाच वर्सांमागं बी पंधराच व्हतं, तवापासनं वाढलं न्हाय. डोस्कं ठिकाणावर हाय. कुणी दारू पाजली न्हाय, कुणी दम दिला न्हाय. उद्या दिस उगवला की मी राहणार न्हाय, म्हणून आज ही वसीयत करते.

दस्ताचे शबूद धोंडीबामामानं सांगितले. त्यानं जलमभर कचेरीत बंडप्पा मालकाची छत्री धरली, ऐकून ऐकून त्याला पाठ झालेत. बाकीचं माझं हाय. दुसरीतनंच शाळा सोडली, चुकलं तर समजून घ्या.

कलम पहिलं. हा कागद सिद्धेश्वर मास्तरांनी वाचायचा. उद्या सकाळी चावडीम्होरं बंडप्पा मालकाचा सत्कार हाय. मालकानं छाती दावायला सदरा काढला की लगीच सुरू करायचं. मास्तर, तुमी मला सगळ्या पोरांम्होरं धडा वाचाया लावला. माझा आवाज फुटंना. तुमी म्हणलात, "तोंडात काय गुळणी धरलीय का गं?" पोरं हसली. दुसऱ्या दिशी मी आले न्हाय, मंग कधीच आले न्हाय. आता तुमी वाचा. मागं हुबं राहिलेल्याला ऐकू आलं पायजे. मधी थांबायचं न्हाय.

कलम दुसरं. पेव माझ्या ताब्यात कसं आलं ते.

पाच वर्सांमागं, चैतात, आय आन् मी मालकाच्या घरी धाकट्या सुनंला गोंदाया गेलो व्हतो. आय सुई धरायची, मी गिऱ्हाइकाचा हात धरायची. तवा सांगावा आला, सरकारी लेव्हीचे लोक ज्वारी मोजून न्यायला निघालेत. मालकाला घरातली पोती पेवात दडवायची व्हती. त्यासाठी आत उतरून जुनी ज्वारी सारखी करायला कुणीतरी पायजे व्हतं. तोंड अरुंद, त्यातनं बारकंच माणूस जातंय. मालक म्हणला, "कोंडाबाईची पोर काडीवाणी हाय, तिला आणा."

पेव वरीसभर बंद व्हतं. धोंडीबामामानं रीतीपरमाणं आधी पेटती चिमणी दोरीला बांधून खाली सोडली. दोन हात गेली न् विझली. मामा म्हणला, "मालक, आतली हवा वंगाळ हाय. उघडं राहू द्या, उद्या उतरू."

मालक म्हणला, "वाऱ्यानं विझली. उतरव पोरीला."

पेवात वारा कुठला? हे तिथं हुबं असलेल्या आठ-धा गड्यांना ठाऊक व्हतं. मला बी ठाऊक व्हतं. मी न्हाय जात, येवढंच म्हणायचं व्हतं. तोंडातनं निघालं न्हाय. कमरंला दोरी बांधून मला सोडली. बुडाशी पाय टेकला, म्या दोरीची गाठ सोडली, न् छातीत दाटलं. वर समदे बापेमाणसं. वरडायची लाज वाटली. म्हणून दोरी वढली. दोनदा.

वरनं मामाचं ऐकू आलं, "मालक, पोर वर घेतो." मंग मालकाचं, "धुरळा दिसतोय रस्त्याला, आले ते. सोड दोरी. दगड ठेव." म्या तिसऱ्यांदा वढली तवा अख्खी दोरी अंगावर आली.

आत आधीच कुणीतरी व्हतं. एक म्हातारी, कोपऱ्यात बसल्याली, किती सालापासनं कुणास ठाऊक. मी मरायला टेकले तसं तिनं आपलं मनगट फोडलं न् माझ्या तोंडाला लावलं. म्हणली, "आता माझं सुटलं." घडीभरात तिची राख झाली. तवापासनं मी रगतावर जगते. ऊन सोसत न्हाय. आपलं रगत दुसऱ्याच्या अंगात गेलं की आपण सुटतो न् तो अडकतो, येवढं तिनं न सांगता मला कळलं.

गड्यांना दम दिऊन मालकानं गावात उठवलं, "कोंडाबाईची पारू कुण्या फिरस्त्यासंगं पळाली, म्या डोळ्यानं पाह्यली." घरी पाव्हणा आला तर मी चुलीमागं जाऊन बसायची. ती मी पळाले म्हणं. आयला पटलं न्हाय. ती पेवाजवळ बसून हाका मारायची, म्या आतनं दगड वाजवला. मारलं त्याचा राग हाय. पळाली म्हणला त्याचा जास्त हाय.

कलम तिसरं. हत्यारं. तीन सुया दोऱ्यानं बांधल्याल्या, काजळाची डबी, माक्याच्या रसाची कुपी, हे आयचंच, आयला परत. मालकानं आत मढं हाय, पेव बाटलं म्हणून टाकून दिलं, तिथं आयनं माझा धंदा मांडून दिला. आमुशेच्या आमुशेला आठच बाया. जिला आधीची बाई घिऊन येईल तीच, दुसरी न्हाय. निलंग्याच्या, आळंदच्या सावकारणी बी गाडी जुंपून आल्या, पण पाळी आल्याबिगर कुणाला घेतलं न्हाय. आधी चिमणी खाली सोडायची, जळत राहिली तरच उतरायचं. मोल काय घेतलं न्हाय. सुईसंगं जेवढं रगत वर येतंय तेवढंच माझं. रगत पुसायचं आयचं फडकं पाच वर्सं कोरडं हाय. बायांना समदं ठाऊक व्हतं. त्यातली येक बी बाहेर बोलली न्हाय, आपल्या नवऱ्याला बी न्हाय, आन् तुमी म्हणता, बायांच्या पोटात काय राहत न्हाय.

मंग पाच वर्सं मालकाला हात का लावला न्हाय, आसं कुणी इचारील. बोलावल्याबिगर कुणाच्या दारात जायचं मला आधी जमत नव्हतं, आता तर मुळीच जमत न्हाय. तो आपल्या पायानं यायला पायजे व्हता.

कलम चौथं. बंडप्पा मालकाला काय दिलं ते.

औंदा फौजा आल्या, निजामाचं राज गेलं. कालपतोर रझाकारांना ज्वारी पुरवणारा मालक खादीची टोपी घालून चावडीवर बसाया लागला. सत्कार व्हणार म्हणल्यावर त्याला पुरावा पायजे व्हता. छातीवर तिरंगा गोंदायचा, आन् तो सहा वर्सांचा जुना दिसला पायजे. त्याच्या कारभारणीनं, शिवकांताक्कानं, त्याला सांगितलं, "येक पोर हाय, पेवात बसून जुनं दिसंल आसं गोंदती. कुणाला कळणार न्हाय." अक्काच्या मनगटावर बेलाचं पान म्याच गोंदलंय. तिला समदं ठाऊक हाय.

माझं मढं कवाच हलवलं आसं मामानं त्याला सांगितलं व्हतं, म्हणून मागच्या बुधवारी मालक पेवात उतरला. पोट तोंडात अडकलं, मामानं वरनं ढकललं. मालक उताणा पडला न् डोळे मिटून घेतले. सुई टोचली की "आगाई गं" म्हणायचा.

"कुणाची गं तू?"

"हितलीच."

"लाजतीस लई."

"व्हय."

"लाजावं. पोरीच्या जातीनं लाजावंच. येक व्हती हितं, कोंडाबाईची. दिसायला आशीच गरीब. गेली पळून."

म्या सुई खोल घातली.

"जुनं दिसंल न्हवं?"

"पाच वर्सांचं दिसंल."

"सहाचं पायजे."

"पाचाचंच हाय, मालक."

त्या काजळात म्या माझं रगत घातलं. तिरंगा काढला न्हाय. पेवाचं तोंड काढलं, दोरी काढली, दोरीला पोर काढली, बाजूला विझल्याली चिमणी. खाली दुसरीतल्या अक्षरात लिवलं, "पारू पळाली न्हाय." वर हळद-तेलाचा लेप दिला न् सांगितलं, आठ दिस उघडायचं न्हाय, उन्हात जायचं न्हाय, खपली आपसूक पडंल. उद्या आठवा दिस. लोकांम्होरं तो सदरा काढंल, उन्हात लेप निघंल. ज्याला वाचाया येत न्हाय त्याला बी चित्र कळंल.

मालक, बिब्ब्यानं जाळून बघा. न्हावी बोलवून सोलून बघा. माझं रगत हाय, खालनं परत उमटंल. आय परत्येक बाईला सांगती, मेल्यावर गोंदण तेवढं संगं येतं. तुमाला तर मरण बी लवकर यायचं न्हाय.

कलम पाचवं. माझं कलेवर. माझं रगत मालकाच्या अंगात सुईनं थेंब थेंब गेलंय म्हणून मी बी थेंब थेंब सरतेय. डाव्या हाताची दोन बोटं कालच भुरभुरली. उजवा ठीक हाय, म्हणून लिवता येतंय. राह्यली ती राख आयनं गोळा करावी, काजळात खलावी, आन् आपल्या हातावर येकच ठिपका गोंदावा. नाव नको. ठिपका पुरं. आय, मंग तू जाशील तवा मी संगं येईन. रडू नको, सुई हालती.

कलम सहावं. धोंडीबामामाला काय न्हाय. मामा, साक्षीदाराला काय द्यायचं नसतंय म्हणून तुमीच सांगितलं. आन् दोरी तुमी सोडली. मालकानं सांगितलं म्हणून सोडली, पण हात तुमचा व्हता. ते म्या इसरलेलं न्हाय. तुमी पाच वर्सं रोज संध्याकाळी पेवाशी येऊन बसता, ते बी इसरलेलं न्हाय. ती दोरी खुंटीला हाय. तुमाला तिचं येक काम राह्यलंय, ते खाली लिवलंय.

कलम सातवं आन् शेवटलं. घर. पांढरीतलं पेव, तोंडाच्या दगडासकट, आतल्या अंधारासकट, वारसाहक्क न ठेवता बंडप्पा मालकाच्या नावावर करते. त्याला लागणार हाय. उद्या ऊन अंगाला लागलं की कातडं जळाया सुरू व्हईल. तो पळंल. गावातल्या बायांना माझा निरोप हाय, दारं लावून घ्या. बोलावल्याबिगर त्याला बी आत येता यायचं न्हाय. आपल्या घरी जाईल तर शिवकांताक्का म्हणली हाय, कडी मी घालीन. मंग गावात सावली येकच राहती.

मी गेल्यावर आत थोडा भुसा पेटवून पेवावर दगड ठिवून द्या, आतली हवा वंगाळ व्हईल. मालक तोंडाशी आला की घाई करायची न्हाय. धोंडीबामामानं रीतीपरमाणं आधी चिमणी सोडायची. ती दोन हात जाईल न् विझंल. मालक बघंल. तो हात जोडंल, म्हणंल, "धोंडीबा, विझली की रं. आत नको घालू."

मामा, तुमी म्हणायचं, "वाऱ्यानं विझली."

मंग उतरवायचं. तो दोरी वढंल. दोनदा वढली तरी थांबायचं. तिसऱ्यांदा वढली की सोडायची, न् दगड ठेवायचा.

हा वसीयतनामा राजीखुशीनं लिहून दिला सही.

मुक्काम सास्तूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८७०

सही: पारू (अंगठा न्हाय, सही हाय)

साक्ष: धोंडीबा, अंगठा डाव्या हाताचा
साक्ष: शिवकांता भ्रतार बंडप्पा, अंगठा डाव्या हाताचा