वास आला होता का?

४ नोव्हें., मंगळ.
दुपारी टिटवाळा रोडला मीच पहिला पोचलो. बालवाडीची बाई, जयश्री, वय सव्वीस, चालत घरी चाललेली. उडवणारी गाडी आमच्या पीएसआय जाधवसाहेबांची. सुट्टीवर होते. दुभाजकावर बसलेले, तोंडाला भपकारा. "हवालदार, बघा ना काय ते." बाईचा श्वास चालू होता. आधी साहेबांना बाइकवरून घरी सोडलं, मग ॲम्ब्युलन्सला फोन केला. वाटेतच गेली.

५ नोव्हें.
साहेबांचं रक्त आज दुपारी घेतलं. काय उरणार? सप्टेंबरात एका टँकरवाल्याने माणसाचा पाय मोडला तेव्हा तासाभरात रक्त, आणि रिपोर्टच्या आधी पट्टा. त्याचे पाय मी धरलेले. रिपोर्ट आला, दारूचा थेंब नव्हता. आमचे सीनियर इन्स्पेक्टर हसलेले, "पुढच्या वेळचा ॲडव्हान्स."

८ नोव्हें., शनि.
जयश्रीची आई आली. इथलीच, आगरी. "माजे पोरीला उरवली त्याला पकरला का?"
"चौकशी चालू आहे, मावशी."
जाधवसाहेब आत चहा पीत होते. दार उघडंच.

१२ नोव्हें., बुध.
परत आली. गाडी कोणाची ते तिला कळलेलं. जा.सा. वर्दीत समोर दिसले, तिने कॉलर धरली. एक बटण तुटलं. सरकारी कामात अडथळा. गुन्हा मीच लिहिला, दहा मिनिटांत. पाच साक्षीदार, पाचही आमचे. बाईला आत घेतलं. लेडी कॉन्स्टेबल सीनियरना म्हणाली, "सर, उद्या तिच्या पोरीचा दहावा आहे."
"मग आज कशाला आली?"

१३ नोव्हें.
कल्याण कोर्टात हजर केली. जामीन व्हायला संध्याकाळ. तोवर नदीवरचं सगळं उरकून नातेवाईक परत फिरलेले. जा.सा. ड्युटीवर. नवीन शर्ट.

१७ नोव्हें., सोम.
खात्याची चौकशी, ठाण्याला. मला एकच प्रश्न. "वास आला होता का?"
"सर्दी होती सर."
लिहून घेतलं. वर विचारलं, औषध घेतलं का.
कोपरला घरी आलो. सुलभाला सांगितलं. म्हणाली, "तुम्हाला कुठे सर्दी होती?" भात वाढ म्हटलं. तिने वाढला. स्वतः जेवली नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
दुसऱ्या केससाठी कोर्टात गेलेलो. बाहेर जयश्रीची आई भेटली. वकील केलाय तिने. जा.सा.विरुद्ध अर्ज टाकलाय, त्यात साक्षीदार मी. माझा हात धरून म्हणाली, "तूच पयला पोचलेलास ना रं? तिचे डोक्याखाली हात ठेवला असशील. त्यांच्यान तूच एक मानूस दिसतंस. खरा सांगशील ना?"
साक्ष पुढच्या शुक्रवारी. सीनियरना कळलंय, उद्या सकाळी केबिनमध्ये बोलावलंय.
मी मान हलवली. होकार दिला की नुसतीच हलली, माझं मलाच कळलं नाही.