चौथा रकाना

तात्यापारा, रायपूर
रविवार, दुपार

तीर्थरूप इंदूमावशीस, तुझ्या अच्युतचा येशूच्या नावानं सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? मंडळीतले सगळे बरे असतील, आणि जे बरे नसतील त्यांच्यासाठी तू नाव घेऊन, मोठ्यानं प्रार्थना करतच असशील, म्हणजे कोणाले काय झालं ते मागच्या बाकापर्यंत कळते. मी खुशाल आहे. (खुशाल म्हणजे दोन वेळ जेवतो आणि एकच खोटं बोलतो. ते पुढं येईल.) परतवाड्याहून निघताना तू म्हटलं होतं, सहा महिने एका जागी टिकून दाखव. पाचवा चालू आहे.

नोकरीचं सांगतो. राज्य नवं, राजधानी नवी, पाट्या इतक्या नव्या की हात लावला तर रंग लागते. मी एका सरकारी हापिसाच्या गेटवर गार्ड आहे (हापिसाचं नाव लिहीत नाही, तू पत्र सगळ्यांले वाचून दाखवते). काम रजिस्टरचं. पहिला रकाना नाव, दुसरा गाव, तिसरा काम, आणि चौथा 'किसके आदमी'. हा चौथा छापलेला नाही, आमच्या सुपरवायझरनं हातानं रेघ मारून काढला आहे. पहिले तीन कोरे असले तरी माणूस आत जाते, चौथा कोरा असला की बाहेर राहते. इथं कोणी भेटला की तब्येत नंतर विचारतात, आधी कोणाचा ते. हा मंत्र्याचा, तो साहेबाचा, तिसरा साहेबाच्या साल्याचा. साल्याचा असते तो सगळ्यांत जोरात बोलते.

आता मले नोकरीत पक्कं करायचं आहे. फॉर्म मिळाला. त्यात इथल्या एका सभ्य माणसानं मले ओळखतो म्हणून सही करायची, उद्या सोमवारपर्यंत, नाही तर गेट दुसऱ्याले. म्हणजे चौथा रकाना माझ्यावरच आला.

पहिले मी बाबारावांकडं गेलो. हे सदर बाजारात पानाच्या ठेल्यावर उभे असतात आणि मंत्र्याचे खास आहेत, असं तेच सांगतात. दीड महिना मी त्यांची फटफटी पुसली, मागं झेंडा धरून बसलो, मिरवणुकीत त्यांच्या डोक्यावर छत्री धरली (ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, फोटो होता). मग एका मंगळवारी मंत्र्याचं खातं गेलं. बुधवारी ठेल्यावर गेलो तर बाबाराव दुसऱ्याच मंत्र्याचे खास होते. मले म्हणाले, "तुम तो पुराने वालों के आदमी हो भैया, इधर मत दिखो." ज्याचा मी होतो तोच म्हणे मी दुसऱ्याचा.

राहिल्या शांताबाई, आमच्या घरमालकीण. यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडं आले ते इकडंच राहिले. मुलगा भिलाईले असते आणि फोनवर हिंदीत बोलते, म्हणून मराठी बोलणारा पोट्टा दिसल्यावर बाईंनी भाडं सांगायच्या आधी पोहे दिले. नाव विचारलं. अच्युत म्हटलं, तर पुढचं सगळं त्यांनी आपल्या मनानं भरून घेतलं. मी फक्त खोडलं नाही. (खोटं बोलणं वेगळं आणि न खोडणं वेगळं, असं मी पाच महिने धरून चाललो. तू धरणार नाहीस.) गणपतीत आरतीले उभं केलं. मले आरती कुठून येणार? पण आपल्या चर्चमधल्या भजनाले दहा वर्षं टाळ कोणी वाजवले? ओठ हलवले आणि टाळ असे वाजवले की अख्ख्या पाऱ्यानं (इथं मोहल्ल्याले पारा म्हणतात) मान डोलावली. एक आजोबा म्हणाले, "संस्कार आहेत." आहेतच, कुठले ते मी सांगितलं नाही.

सही द्यायले शांताबाई एका पायावर तयार. पण सहीच्या वरच एक रकाना आहे, धर्म. तो मी तीन दिवस कोरा ठेवला. खरं लिहावं तर सही जाते, खोली जाते, पोहे जातात. खोटं लिहायले पेन तयारच होता.

आज चर्चले गेलो (पाच महिन्यांत दुसऱ्यांदा, हे मंडळीत वाचू नको). दारावरच्या भैयानं "जय मसीह की" म्हटलं आणि लगेच, "किसके यहां से आए हैं?" म्हटलं घ्या, इथंही चौथा रकाना. मागं जाऊन बसलो. प्रवचन अर्धं कळलं, अर्ध्यात डोळा लागला, पण मधे एका जागी पाद्रीसाहेब म्हणाले की आपण काही करून दाखवायच्या आधीच देवानं आपल्याले आपलं म्हटलेलं असते. तेव्हा मले बहिरमची जत्रा आठवली. मी सहा वर्षांचा, हरवलेला. पोलीस विचारे कोणाचा पोट्टा, आणि भीतीनं मी बापाचं नावही विसरलो. गर्दीतून तू आली. तुले कोणी पुरावा मागितला नाही. आधी एक थापड दिली, मग कडेवर घेतलं, म्हटलं, "हा माझा आहे." मावशी, तेव्हा माझ्याजवळ होतं काय? नाकाले शेंबूड आणि हातात चोरलेली शिट्टी. (शिट्टीचं तुले आज कळून राहिलं.) तेवढ्यावर तू मले घेतलं. मग ज्यानं तुले असं मन दिलं, त्याचं मन केवढं असेल? मी बाकावर रडलो. शेजारच्या दीदीले वाटलं पश्चात्ताप होऊन राहिला, तिनं रुमाल दिला. तो परत द्यायचा राहिला, तो पश्चात्ताप वेगळा.

घरी येऊन रकान्यात 'ईसाई' लिहिलं आणि फॉर्म शांताबाईंपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला. फार वेळ वाचलं. मी मनात ट्रंक भरून घेतली.

"एवढंच काय?" त्या म्हणाल्या. "मी तर दुसऱ्या दिवशीच ओळखलं. ताट वाढलं की तू डोळे मिटून पुटपुटतो. आमचे पोट्टे तेवढ्यात मोठी पोळी शोधतात."

"मग बोलल्या काहून नाही?"

"तू काहून नाही बोलला? पाच महिने वाट पाहून राहिली होती मी."

मी पेन पुढं केला. त्यांनी सही केली, आणि 'कधीपासून ओळखता' याच्यापुढं 'बचपन से' लिहिलं. आता हे पाप त्यांच्या नावावर की माझ्या, तेवढं आपल्या पाद्रीसाहेबांना विचारून ठेव.

तर मावशी, आता मी कोणाची फटफटी पुसत नाही. ज्याचा मी आहे त्याचं खातं कोणी काढून घेत नाही. मले आता कोणाची चिठ्ठी, शिक्का, वशिला काही लागत नाही.

तुझा (आणि त्याचा),
अच्युत

ता. क. आपल्या पाद्रीसाहेबांकडून एक चिठ्ठी पाठव. सुपरवायझर म्हणते गावाकडचं चालचलणुकीचं पत्रही पाहिजे. मंडळीच्या छापील कागदावर, गोल शिक्का, शिक्का ठळक.

ता. क. दुसरं. पत्र खिशातच राहिलं, आज गुरुवार आहे. काल गेटवर एक म्हातारा आला, पायी, पिशवीत कागद. नाव सांगितलं, गाव सांगितलं, अडलेली पेन्शन सांगितली. मी सवयीनं विचारलं, किसके आदमी हो. म्हणाला, "भगवान के आंव बाबू, अउ काकर होहूं." म्हणजे देवाचाच, आणखी कोणाचा होणार. मी म्हटलं, तसं कोणाकडून लिहून आणा. तो परत गेला. मावशी, रविवारी रडलो तोच मी. चहा तसाच ठेवला. गेट सोडून धावलो, त्याले चौकात गाठलं, आणून आत सोडलं, आणि चौथ्या रकान्यात लिहिलं, 'हमारे घर के'. सुपरवायझरनं ते वाचलं. गेट सोडल्याचंही त्याले कळलं. शनिवारी फैसला आहे.

ता. क. तिसरं. म्हणून ओसरीतली माझी खाट कोणाले देऊ नको. आणि पाद्रीसाहेबांना सांग, चिठ्ठीत 'प्रामाणिक' लिहा, 'आज्ञाधारक' लिहू नका. त्याच्यावर आता इथं कोणी विश्वास ठेवणार नाही.